कोणाची तू?

आमच्या नानांना एक खोड होती. माणूस समोर आला की त्याचं गाव विचारायचं, गाव कळलं की कोणाचा ते विचारायचं, आणि तेवढ्या भांडवलावर त्याच्याशी नातं काढून मोकळं व्हायचं. धुळ्याच्या स्टँडवरचा कंडक्टर त्यांच्या मावसभावाचा साडू निघायचा. दात काढायला गेले, तर तोंडात कापसाचा बोळा असताना डॉक्टरांचं आजोळ शोधून आले. एकदा सायकल चोरणाऱ्याला गल्लीतल्यांनी पकडून आणलं. नानांनी आधी त्याचं गाव विचारलं, त्याला भाचा ठरवलं आणि मग आईला त्याचं ताट वाढायला लावलं. आई, म्हणजे रुक्माबाई, भाकरी वाढता वाढता आमच्या अहिराणीत म्हणाली, "आते सायकलबी दी टाका भाचाले."

मला या खोडीचा राग यायचा. मी त्यांची थोरली मुलगी, त्यांच्यासारखीच मास्तरीण, आणि तोंडाची तिखट. पण आमच्याकडे याला खोड कुणी म्हणत नाही, माया म्हणतात. गाव न विचारता नुसतंच पाणी दिलं, तर पाहुणा नाराज होऊन जातो.

नाना साक्रीकडच्या खेड्यातले. धुळ्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. देवचंद सर म्हटलं की कुणीही घर दाखवायचं. ते निवृत्त झाले त्याच सुमाराला बारावीच्या निकालानंतर आमच्या ओळखीच्या घरातल्या एका मुलाने फवारणीचं औषध घेतलं. मुलगा वाचला, पण सगळे हादरले. मग काही निवृत्त शिक्षकांनी मिळून वाचनालयाच्या मागची खोली झाडून घेतली आणि दारावर 'तरुण मार्गदर्शन केंद्र' अशी पाटी लावली. आधी आले ते मुलामुलींचे फोटो घेतलेले आईबाप. लोकांना ते वधूवरांचं काम वाटलं. तरुण पोरं आली ती उशिरा, आणि येताना रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघत, दारूच्या दुकानात शिरावं तशी.

हे काम कसं करायचं ते शिकवायला जळगावला एक शिबिर झालं. तिथल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, की मुलाने नाव सांगितलं तर ऐका, पण विचारू नका. आणि खोलीत बोललेलं खोलीतच ठेवा. नाना परत आले ते कुरकुरतच. "नाव नाही, गाव नाही, मग बोलायचं कोणाशी?" मी म्हटलं, "नाना, नियम आहे तो." ते म्हणाले, "नियम पुण्यामुंबईच्या पोरांना. आपल्या पोरांना आपलं माणूस लागतं." यात खोटं काही नव्हतं, आणि तिथेच घात झाला.

हिरा त्या खोलीत आली तेव्हा बारावी सायन्सला होती. हे मला तिनेच सांगितलं, फार पुढे. वसतिगृहात राहायची. दहावीला तालुक्यात नाव काढलेलं, म्हणून बापाने, मगन आबांनी, हौसेने सायन्सला घातलं. सहामाहीला पेपर समोर आला आणि तिला अक्षरं दिसेनाशी झाली. कोरा पेपर देऊन ती उठली. त्यानंतर तिची झोप गेली. संध्याकाळी पांझरा नदीच्या पुलावर जाऊन उभी राहायला लागली आणि एक दिवस स्वतःलाच घाबरून परत फिरली. तिला एवढंच हवं होतं, की सायन्स सोडून आर्ट्सला जाता यावं, शिकणं मात्र सुटू नये.

नानांनी पाणी दिलं आणि सवयीने कोणाची ते विचारलं, "गाव कोनतं, बाई? कोनी तू?"

तिने सांगितलं. वडीलधाऱ्याने विचारल्यावर आमच्याकडे खोटं सांगत नाहीत. नाना हरखले. "म्हणजे तू झुलालआबानी नात. आरे, तुनी आजी मनी बहीन लागस."

पुढे मला हे सांगताना हिरा म्हणाली, "तेव्हाच उठायला हवं होतं मी. पण त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि मला रडू आलं." ती आणखी काही वेळा आली. नानांनी तिला श्वास मोजून पेपर वाचायला शिकवलं, रोज थोडं लिहायला लावलं. पुलाकडे जाणं थांबलं. हेही खरं आहे, आणि मी ते मुद्दाम सांगते, कारण नाना स्वतः ते कधी सांगत नाहीत.

मग साक्रीला एक लग्न निघालं. मांडवात मगन आबा भेटले. नाना आता नात्यातले, त्यात मनाने मोकळे. शेजारी चार माणसं सुपारी कातरत बसलेली, आणि नानांनी काळजीने, अगदी घरच्यासारखं सांगून टाकलं, की पोर केंद्रात येते, तिला झोप नाही, फार रडते, पुलावर जायची, जरा सांभाळून घ्या, सायन्सचा हट्ट धरू नका. त्यांना वाटलं, आपण तिचं काम सोपं केलं. घरी येऊन आईला म्हणाले, "मगनशी बोलनू. आते पोरनं ओझं उतरनं." आईलाही बरं वाटलं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं कोण जाणे.

मांडवातून गोष्ट गावात पोचेपर्यंत तिचं रूप बदललं. मगनच्या पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, धुळ्याला इलाज चालू आहे.

मी तेव्हा जळगावला नोकरीला होते. सुट्टी संपवून निघाले, नाना मला सोडायला स्टँडवर आले. साक्रीच्या गाडीपाशी मगन आबा उभे होते, पायाशी पत्र्याची पेटी आणि वळकटी. बाकावर एक मुलगी खाली मान घालून बसलेली. नानांना पाहिल्याबरोबर मगन आबा पुढे आले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

"नाना, तुमना उपकार व्हयनात. येळवर सांगं तुम्ही. बोभाटा व्हवाना आधी तिनं लगीन उरकी टाकूत. जळगावकडनं स्थळ शे."

नानांचे हात जोडायला वर आले आणि तसेच राहिले. "आरे मगन, मी तसं नही सांगं... तिनं शिक्षन..."

"शिक्षन आते कशाले?" मगन आबा समजुतीने म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. घाबरलेल्या बापाचा होता.

मुलगी उठली. वळकटी उचलली. नानांच्या जवळून जाताना थांबली आणि हळूच म्हणाली, "मी तुमले सांगेल व्हतं, नाना. आबाले नही."

गाडी गेली. माझीही गाडी लागली, पण नाना मला बसवायला आले नाहीत. खिडकीतून पाहिलं, तर ते त्या रिकाम्या बाकाकडे तोंड करून उभे होते, चूक सापडलेल्या विद्यार्थ्यासारखे.

नंतर ते साक्रीला जाऊन आले. मगन आबांच्या ओट्यावर बसून विनवण्या केल्या. जितकं बोलले तितका बाप जास्त घाबरला. वैशाखात लग्न झालं. पत्रिका आली, आग्रहाची. नानांनी ती देवापुढे ठेवली आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

केंद्र त्यांनी सोडलं असेल असं वाटलं होतं. काही महिने ते तिकडे फिरकलेही नाहीत. मग एका शनिवारी चपला घालून निघाले. खोड मात्र गेली. नुसती खोलीतली नाही, जगातलीच गेली. लग्नात, दहाव्याला, गाडीत, कुणालाही गाव विचारेनात. लोक म्हणायला लागले, सरांना शिष्टपणा आलाय. मावशीचा नातू घरी येऊन चहा पिऊन गेला, नानांनी त्याला कोणाचा म्हणून विचारलं नाही, तर मावशीने आमच्याशी बोलणं टाकलं. मी चिडले. म्हटलं, "एका ठिकाणी चुकलात म्हणून सगळ्यांशी मुके होणार का?" नाना म्हणाले, "मला लाज वाटते गं. तो प्रश्न तोंडात आला की ती पोर दिसते." इतकं सरळ बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. माझी तिखट जीभ तिथे कामाची नव्हती.

हिराच्या लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, अठ्ठ्याण्णव साली, मी मेच्या सुट्टीत धुळ्याला होते. नाना चष्मा विसरून गेले म्हणून तो द्यायला मी केंद्रात गेले, तर दारात एक बाई उभी. कपाळावर पदर, सोबत कॉलेजातली एक मुलगी, डोळे सुजलेले. नाना तिला बघून उठायला गेले आणि खुर्चीचा हात धरून तसेच अर्धवट उभे राहिले. तेव्हा मीही ओळखलं.

"बसा नाना," हिरा म्हणाली. "हाई कोनी शे, कोनता गावनी शे, काय इचारू नका."

"नही इचारस," नाना म्हणाले. त्यांनी मुलीपुढे पाण्याचा तांब्या सरकवला, पेला उपडा होता तो सरळ केला आणि खाली मान घालून ऐकायला बसले.

आम्ही दोघी बाहेर पायरीवर बसलो. तेव्हा तिने हे सगळं सांगितलं. मुलगी तिची नणंद. हिराचा नवरा जळगावच्या दालमिलमध्ये, माणूस वाईट नव्हता. पण पुस्तक त्या वर्षी मिटलं ते मिटलंच. तिने नानांना माफ केलं असं ती एकदाही म्हणाली नाही, आणि मला ते विचारण्याची हिंमत झाली नाही. एवढंच विचारलं, "मग एवढ्या लांबून इथेच का आणलंस हिला?"

"दुसरीकडं कोणीतरी विचारलंच असतं, तू कोणाची," ती म्हणाली. "नाना आता मेले तरी विचारणार नाहीत. माझ्याएवढं ते कोणाला माहीत?"

घरी जाताना मी नानांना हे सांगितलं. वाटलं, त्यांना बरं वाटेल. ते रस्त्यात थांबले आणि धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत राहिले.

"म्हणजे तिने माझा भरवसा नाही धरला," ते म्हणाले. "माझ्या लाजेचा धरला."

केंद्रात एक मुलगी येऊन गेल्याचं आईच्या कानावर आलं होतं. जेवताना तिने विचारलं, "कोनी पोर व्हती ती?"

नानांनी घास खाली ठेवला. "माहीत नही," ते म्हणाले, आणि पुन्हा जेवायला लागले.