उकळलेलं पाणी

"काका, बाटल्या कोणी धुतल्या?"

मॅडमचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला राग आला. शहापूरच्या संशोधनाच्या लॅबमध्ये अकरा वर्षं काच मीच धूत होतो. शाळा चौथीत सुटली, पण माझ्या हातच्या बाटलीवर डाग दाखवा, नोकरी सोडतो, असं मी लॅबच्या साहेबांना तोंडावर सांगितलेलं.

"मीच. दुसरं कोण धुणार?"

मॅडमनी प्लेट पुढे केली. बारीक खड्ड्यांची प्लास्टिकची ताटली; बाटल्यांत ठेवलेल्या पेशींवरचं पाणी तिच्यात तपासायचं. रंग जितका पिवळा, तितका रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आरडाओरडा जास्त. या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. जंतू दिसला की एकमेकींना हाका मारतात, मग ताप येतो, सूज येते. हाका फार वाढल्या तर राखणदारच घर पेटवतात. नायट्रिक ऑक्साइड हा वायू शरीर स्वतःच तयार करतं. तो किती असला तर हाका आवरतात आणि किती असला तर भडकतात, हे मॅडम बघत होत्या.

काही बाटल्यांत त्यांनी पेशींवर काहीच घातलं नव्हतं. त्या पेशी गप्प राहायला हव्या होत्या. त्यांचे खड्डेही गडद पिवळे.

रक्त डोळखांबकडच्या सोनीचं. मलेरिया डोक्यात गेलेला. तिचा नवरा बाळू रक्त द्यायला तयारच नव्हता. "हिच्यात रगत हायेच किती? तेपण तुमी काढणार?" माझ्या शेजारच्या पाड्यातला, म्हणून मी मध्ये पडलो. "दे रे. मी हाय ना तिथं. थेंब वाया जायाचा नाय." दोन दिवसांनी सोनी तापातच गेली.

"बाटल्या शेवटी कुठल्या पाण्यानं धुतल्यात?" मॅडमनी विचारलं.

"विहिरीचं. लोडशेडिंगमुळं डिस्टिल्डचं मशीन बंद होतं. पण चांगलं खळखळा उकळून, फडक्यानं गाळून. वर बाटल्या ऑटोक्लेव्हला लावल्या." ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकर.

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय? आमी तेच पाणी पितो. कोण मेलंय?"

बोललो, आणि सोनी आठवली.

मॅडमनी स्वतःच्या दंडातून रक्त काढवलं. अर्ध्या पेशी नव्या बाटलीत ठेवल्या, अर्ध्या मी धुतलेल्या. दुसऱ्या दिवशी ताटलीत नव्या बाटलीचे खड्डे पांढरे, माझ्या बाटलीचे पिवळे.

"उकळल्यावर जंतू मरतात, काका. त्यांच्या सालीतलं विष राहतं. पोटात गेलं तर काही होत नाही. काचेला चिकटलं तर पेशींना वाटतं, जंतू आलाय."

"सोनीचं थोडं रक्त उरलंय?" मी विचारलं.

"नाही."

साहेब म्हणाले, "रजिस्टरमध्ये लिहा, सॅम्पल खराब."

"सॅम्पल चांगलं होतं साहेब. माझं नाव लिवा."

"कशाला उगाच?"

"लिवा म्हणतो ना."

रविवारी मी बाळूकडं गेलो. तो खळ्यावर नाचणी झोडत होता. हात न थांबवता त्यानं विचारलं, "तात्या, सोनीचं रगत आलं का कामाला?"

"नाय. मी वाया घालवलं."

तो झोडतच राहिला. मग म्हणाला, "तू व्हतास ना तिथं?"

मी तिथून उठलो. नंतर निवृत्त होईपर्यंत काच धुतली, पण पुन्हा कुणाच्या रक्ताची हमी दिली नाही. लॅबमध्ये नवा माणूस आला तेव्हा त्याला एवढंच सांगितलं. मशीन बंद असेल तर बाटल्या घाणेरड्याच ठेव, आणि घाणेरड्या आहेत म्हणून सांग.