सात बुरुजांचं नाणं

तार्सासबद्दल सांगायला बसलो की आधी माझीच मान खाली जाते. रोमच्या आख्ख्या बिथिनिया प्रांतात त्याच्यासारखा नाण्यांचे ठसे कोरणारा नव्हता. दोन बोटांच्या ठशावर तो उलटं शहर कोरायचा. मी वरून घण घातला की ब्राँझवर सुलटं उठायचं. वेशीची कमान, देवळाचे खांब, तटाचा दगडन् दगड!

एका साली शेजारच्या शहराने आपल्या नाण्यावर पाच बुरूज काढले. झालं! आमच्या नगरसभेचे मानकरी फणफणत टाकसाळीत आले.

"आपले सात काढ."

"अहो, नदीकडे तटच नाही! भूकंपात पडला तो पडलाच," तार्सास म्हणाला.

"मग ते जगाला दाखवायचं कशाला?"

त्याने सात कोरले. वर मला म्हणतो कसा, "बघ रे, सापडते का कुठे फट?" आम्ही दोघं पोट धरधरून हसलो.

दोन वर्षांनी उत्तरेकडून गॉथ लुटारूंच्या टोळ्या आल्या. आसपासची खेडी डोंगरात पळाली. तार्सासची पिरूला नावाची बहीण मात्र दोन लेकरं घेऊन आमच्या वेशीत हजर!

"सगळे म्हणत होते, डोंगरात चल. मी म्हटलं, नाण्यावर बघितलाय की तट! माझ्या दादाने कोरलाय, मला कसली भीती?"

भोवती गर्दी, शेजारी सभेचा माणूस. तार्सासने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"ये," तो म्हणाला, "पोरं दमली असतील." तिच्या मागे वेस बंद झाली.

दुसऱ्या दिवशी ती पाण्याला नदीकडे गेली. तिथे लोक थडग्यांचे दगड आणून रचत होते, जेमतेम कमरेएवढे. ती भांडली नाही. नऊ दिवस सगळ्यांबरोबर दगड वाहिले तिने. तार्सास शेजारीच राबत होता, पण त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही.

गॉथ दुसऱ्याच वाटेने निघून गेले. लोक नाचायला लागले. तार्सास धापा टाकत आला, "पिरूला, बघ, काही झालं नाही ना!"

ती बोचकं बांधत होती. "नाही झालं. पण वेशीत 'ये' म्हणालास, तेव्हा तुला माहीत होतं, दादा." मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्हालाही."

त्याच्या शेवटच्या दुखण्यात मी तिला निरोप धाडला. ती आली नाही. दुसऱ्यांदा बोलवायचं मनात होतं, पण मी कुठल्या तोंडाने बोलावणार?