बुधवारचा चोर

खोड्या काढायची सवय मला लहानपणापासून आहे आणि पन्नाशी उलटली तरी ती गेलेली नाही. वडील रेल्वेत होते. एकदा मी त्यांच्या डब्यात भाजीऐवजी चिंचोके भरून दिले. संध्याकाळी घरी आल्यावर ते ओरडले नाहीत, एवढंच विचारलं की पोळ्या तरी खऱ्या का ठेवल्यास. तेव्हापासून मला वाटतं की खोडी काढावी तर पुरती काढावी.

आता मी झाशीतल्या एका इस्पितळात एक्स-रे आणि सोनोग्राफी शिकवते. डॉक्टर होऊन पुढे हाच विषय शिकणारी तिघं माझ्या हाताखाली आहेत. दोन मुलगे आणि झाशीतल्याच दतिया गेटकडची एक मुलगी. मुलग्यांतला एक सतत बोलतो, दुसरा त्याला दुजोरा देतो आणि मुलगी गप्प असते. तिघंही हुशार, पण फिल्म पुढे आली की आधी आजाराचं नाव घेऊन मोकळी होत. मला त्याचा संताप यायचा. चोरी कुठे झाली ते न बघताच चोराचं नाव सांगणारा हवालदार काय कामाचा?

म्हणून मी बुधवारचा खेळ काढला. त्या दिवशी सकाळच्या फिल्मांमध्ये मी एक खोटी फिल्म घुसवते. कधी बाईच्या नावावर पुरुषाची छाती, कधी डाव्या हाताच्या जागी उजवा, कधी सगळी फिल्मच आरशात बघावी तशी उलटवलेली. संगणकावर या गोष्टी चुटकीसरशी होतात. तिघांनी चोर शोधायचा आणि मी शेवटपर्यंत कानावर हात ठेवायचे. आईची शपथसुद्धा घ्यायचे, कारण माझ्या आईला माझा स्वभाव ठाऊक आहे. घरी नवरा म्हणायचा, अगं, ते तुझे विद्यार्थी आहेत, दीर नाहीत. पण पोरं रमली होती. बुधवारी कुणी उशिरा येत नसे, आणि मी स्वतःवर भलतीच खूश होते.

त्या बुधवारी मी चोर पेरलाच नव्हता. आदल्या दिवशी कंटाळा केला होता. चहाचा कप घेऊन खोलीत शिरले तर तिघंही माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होती. बोलक्याने सांगितलं की आज चोर पाच मिनिटांत सापडला. छातीची फिल्म होती, हृदय उजवीकडे आणि जठरातली हवाही उजवीकडे. त्याने ती सुलटी केली, सगळं नॉर्मल दिसलं, आणि तसा रिपोर्टही खाली अपघात विभागात पाठवून दिला.

मी फिल्म बघितली आणि चहा तसाच ठेवला. ती माझी नव्हती.

मी तसं म्हणाले. तिघं हसली. मी आवाज चढवला, तर बोलक्याने माझ्या अभिनयाचं कौतुक केलं. आईची शपथ घेतली, तर दुसरा म्हणाला की गेल्या वेळीही घेतली होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझा शब्द असा कवडीमोल झालेला मी कधी पाहिला नव्हता, आणि तो मीच केला होता. कपाळाला हात लावून मी अपघात विभागाला फोन केला. फिल्म जवळच्या बबीना छावणीतल्या एका जवानाच्या बायकोची होती, रात्रीपासून तिचं पोट दुखत होतं, डावीकडे खाली. तिथल्या डॉक्टरांना मूतखडा वाटला. आमच्याकडून छाती नॉर्मल असल्याचं कळल्यावर त्यांनी इंजेक्शन दिलं, दुखणं थोडं दबलं, आणि उद्या सोनोग्राफीला या म्हणून तिला आत्ताच घरी पाठवलं.

काही थोड्या माणसांचं शरीर आतून जन्मतःच उलट्या बाजूने मांडलेलं असतं. ती अगदी ठणठणीत जगतात. पण आपलं अपेंडिक्स उजवीकडे असतं, ते त्यांचं डावीकडे. ते सुजलं असेल आणि घरी जाऊन फुटलं, तर बाई जिवाला मुकेल.

फोन ठेवून वळले तर गप्प मुलगी खोलीत नव्हती. माझे गुडघे कुरकुरतात, तरी मी जिना उतरून धावले. फाटकाबाहेर बबीन्याकडे जाणारी ऑटो उभी होती. आत एक बाई पोट धरून वाकून बसलेली, शेजारी सासू, आणि ही मुलगी ऑटोच्या दांड्याला धरून सासूशी हुज्जत घालत होती. सासूचं म्हणणं बरोबरच होतं, एकदा घरी जा म्हणता, एकदा थांबा म्हणता. मुलीकडे स्टेथोस्कोपही नव्हता, आमच्यातलं कुणीच तो वापरत नाही. तिने सरळ त्या बाईच्या छातीवर उजवीकडे तळवा ठेवला आणि विचारलं की धडधड नेहमी इथेच असते का.

बाई म्हणाली, "हमाओ तो सुरू सें इतई है. सबको इतई नईं होत का?"

माझं तर पहिल्यापासून इथेच आहे, सगळ्यांचं इथेच नसतं का, असं ती विचारत होती. सकाळपासून आमच्यापैकी कुणीही तिला काही विचारलं नव्हतं.

तिला चाकाच्या खुर्चीतून वर आणलं आणि मी स्वतः सोनोग्राफी केली. सुजलेलं अपेंडिक्स डावीकडेच होतं, अजून फुटलेलं नव्हतं. दुपारी ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले की आणखी काही तास गेले असते तर कठीण होतं. बोलका कोपऱ्यात रडत होता. मी त्याला म्हणाले की रिपोर्टवर सही तुझी असली तरी चूक माझी आहे, आणि विभागप्रमुखांना तसं लेखी दिलं.

संध्याकाळी गप्प मुलगी एकटीच फिल्मा बघत बसली होती. मी तिला शाबासकी दिली. मग न राहवून विचारलं की मी खरं बोलतेय हे तुला कशावरून कळलं. फिल्मच्या कोपऱ्यात बाजू दाखवणारं शिशाचं अक्षर असतं. फिल्म उलटवली की तेही आरशातल्यासारखं उलटं दिसतं आणि इथे ते सरळ होतं, असं काहीतरी हुशारीचं उत्तर मला हवं होतं.

"आपका तो पता ही नहीं चला, मैम," ती म्हणाली. "हर बुधवार हम फिल्म नहीं, आपका चेहरा पढ़ते थे. आज आप सच बोल रही हैं या झूठ, समझ नहीं आया, तो मैंने आपके बारे में सोचना छोड़ दिया. तब जाकर याद आया कि फिल्म किसी की है."

मला ते फार लागलं. मी तिच्या शेजारची खुर्ची ओढली आणि पुढची फिल्म कुणाची आहे ते तिला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं, म्हणून आम्ही दोघी खाली जाऊन त्या माणसाला भेटून आलो.