सगळ्यांना विचारणारी केवळाबाई

आमच्या पतसंस्थेत दरवर्षी नेतृत्वावर शिबिर असतं. पुण्याहून आलेले सर फळ्यावर दोन रकाने आखतात. एक हुकूम सोडणाऱ्या नेत्याचा, दुसरा सगळ्यांना विचारून चालणाऱ्याचा. दुसऱ्या रकान्याखाली ते ठसठशीत बरोबरची खूण करतात आणि माणसं माना डोलावतात. मला तेव्हा केवळाबाई आठवते आणि माझी मान हलत नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. जिल्ह्याची कचेरी जवळ आली म्हणून पेढे वाटून झाले आणि मग पावसाने जी पाठ फिरवली ती फिरवलीच. शिरूर अनंतपाळच्या अलीकडे रोजगार हमीतून पाझर तलावाचं काम निघालं. तिथे मी हजेरी घ्यायचो. कामावर दोन टोळ्या होत्या. एक व्यंकटराव मुकादमाची. हा गडी सकाळी बोट दाखवून सांगायचा, तू खोद, तू उचल, तू घरी जा. घरी गेलेली बाई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि विडी ओढायचा.

दुसरी टोळी केवळाबाईची. बुद्धवाड्यातली बाई, अंगाने किरकोळ, आवाज बारीक. तिची रीतच वेगळी. काही ठरवायचं असलं की ती बायांना गोल बसवायची. प्रत्येकीने माती वाहायची टोपली पुढ्यात ठेवायची. होकार असेल तर उताणी, नकार असेल तर पालथी. जेवायची सुट्टी कधी, मोठे दगड कुणी उचलायचे, सगळं असंच ठरायचं. कुणी मागे पडली तर बाकीच्या तिच्या वाटणीचं खोदून द्यायच्या. खरं सांगतो, ते बघून त्या करपलेल्या माळावरही बरं वाटायचं.

मग तलाव संपत आला. पुढे फक्त रस्त्याचं काम होतं, तेही एकाच टोळीपुरतं. इंजिनिअर सांगून गेला, शनिवारी खोदलेल्या मातीचं माणशी माप काढू, ज्या टोळीचं जास्त भरेल ती रस्त्यावर जाईल. बाकीच्यांनी घर गाठायचं. आणि घरी काय होतं? तळाला गाळ उरलेली विहीर, रिकाम्या कणग्या आणि भुकेने किरकिरणारी लेकरं. व्यंकटरावने त्याच संध्याकाळी त्याच्या टोळीतल्या म्हाताऱ्या बाया काढून टाकल्या.

केवळाबाईच्या टोळीत धुरपताबाई होती. वयाने थकलेली, त्यात दमा. अर्धी टोपली उचलली तरी तिला वाटेत बसावं लागायचं. तिची सून सिंधु त्याच टोळीत. धुरपतामावशीला ठेवायचं का, असं केवळाबाईने दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत विचारलं. बाया म्हातारीला सोडणार नाहीत याची तिला पक्की खात्री होती, म्हणूनच विचारलं. मलाही तीच खात्री होती.

मग एक टोपली पालथी झाली. मागोमाग दुसरी, तिसरी. कुणी वर बघेना. सिंधुच्या अगदी समोर सासू बसलेली. सिंधुने डोळे मिटले आणि आपली टोपली पालथी केली.

धुरपताबाई उठली, लुगड्याची माती झटकली आणि पायवाटेला लागली. शनिवारी माप भरलं. रस्त्याचं काम केवळाबाईच्या टोळीला मिळालं.

त्या संध्याकाळी केवळाबाई थोडं पीठ घेऊन म्हातारीच्या दारात गेली. मीही बरोबर होतो. सिंधु आत चुलीशी होती. म्हातारी ओट्यावर बसलेली, पुढ्यातल्या भाकरीला हात लावलेला नव्हता.

"मावशी, माज्या हातात न्हवतं," केवळाबाई म्हणाली. "समद्यांनी ठरवलं."

"तुज्याच हातात हुतं," धुरपताबाई हळू बोलली. "तू काढली असतीस तर तुला मरस्तोवर शिव्या दिल्या असत्या, आन् सुनंच्या हातची भाकर खाल्ली असती. आता ही कशी खाऊ, सांग."

केवळाबाई पीठ बाजूला ठेवून खाली बसली. आतून सिंधुच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि उठून आत जायची आमच्यापैकी कुणाचीच हिंमत होईना.