पुलाच्या खालच्या अंगाला

हे मी कुठे छापलं नाही, घरीही बोललो नाही. उपसंपादक म्हणून निवृत्त झालो. दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यात सगळी नोकरी सरली. ही एक माझी — तशीच राहिली. तुम्हाला सांगतो.

आम्ही पाचजण गोटे वेचायला जातो. लोक हसतात. हसू द्या. कळमेश्वरच्या पुढे काळ्या खडकातून सुटलेले अकीक नाल्यात येऊन पडतात — वरून बटाट्यासारखे, आत सुरेख पट्टे. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की बेत ठरतो : गुरुवारी नागपुरात, सदरमध्ये चहा, रविवारी नाला. जागा सरकारी. तलाठ्याला रीतसर विचारलं, तेव्हा तो आधी पोटभर हसला, मग म्हणाला, खिशात मावतील तेवढे न्या.

नवी जागा आधी पाहून यायची आणि बेताचा कागद लिहायचा, ही कामं माझी. किती वाजता निघायचं, कोणाच्या गाडीत कोण, पुलापासून कोणत्या अंगाला चालायचं — सगळं त्यात. माझा कागद कुणी तपासत नाही. कशाला तपासतील?

आमच्यातला प्रभाकर शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होता. त्याला एकच हवा — पाण्याचा गोटा. क्वचित एखाद्या अकिकाच्या पोटात पाणी अडकून राहतं. कानाशी हलवला की खुळखुळतो. विकतही मिळतो म्हणे, पण आमचा नियम असा की स्वतः वेचलेलाच आपला. म्हणून प्रभाकर दिसेल तो गोटा कानाशी धरतो. त्याची बायको, शोभावहिनी, मला ऐकवतात, "भाऊजी, यांले कांदे आणाले पाठवलं तं कांदेबी कानाले लावून पाह्यतात."

नऊ वर्षांपूर्वी, एका मंगळवारी, मी हा नाला पाहायला एकटा गेलो. पुलाच्या खालच्या अंगाला, प्रवाहाच्या दिशेने दुसऱ्या वळणावर काठ ढासळला होता. तिथला पहिलाच गोटा उचलला — खुळखुळला. तासाभरात आणखी दोन.

घरी येऊन कागद लिहिला. त्यात लिहिलं — पुलाच्या वरच्या अंगाला.

का? जागा माझ्या एकट्याची राहावी म्हणून. याहून मोठं कारण मला आजही सापडत नाही.

पुढच्या वर्षी तेच लिहिलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. मजा तर दरवेळी आली — वरही पट्टेदार गोटे होते, झुणका-भाकर होती, कोणाचा गोटा सरस यावर भांडणं होती. एकदा प्रभाकरने विचारलं, खाली जाऊन पाहायचं का? खाली नुसता गाळ आहे, मी म्हणालो. त्याने लगेच मान डोलावली. मी मात्र मधूनमधून मंगळवारी जात राहिलो. पाण्याचे सात गोटे कपाटात आहेत, जुन्या कात्रणांच्या मागे. एक त्याला द्यायला हवा होता? देताना जागा सांगावी लागली असती.

गेल्या उन्हाळ्यात रस्ता रुंद झाला. खालचं वळण भरावाखाली गेलं. आता कागदावर खरं लिहिलं तरी तिथे पोचता येत नाही.

आणि प्रभाकरचे गुडघे गेले. डॉक्टरांनी नाल्यात उतरायला मनाई केली, तेव्हा एक शेवटची खेप म्हणून मागच्या रविवारी गेलो. कागद माझाच. वरच्या अंगाला तो चार तास वाकून फिरला, शेकडो गोटे कानाशी धरले. एकही बोलला नाही.

चढावर त्याने माझ्या खांद्यावर भार टाकला. दमला होता, पण चेहरा खुललेला.

"नाही भेटला तं नाही भेटला गा," तो म्हणाला. "पण तुह्या कागदाच्या भरवशावर नऊ वर्षं मस्त फिरलो."

 मी त्याला हात देऊन गाडीत बसवलं, दार लावलं. नागपूर येईपर्यंत तो जुनी गाणी म्हणत होता. मी साथ दिली.