खंडेनवमीला चालू केलेलं मशीन

"हात काढ, अंबिका. हळद-कुंकू वाहिलंय त्याला. उद्या सीमोल्लंघन होईस्तोर ह्याला कुणी शिवायचं न्हाई."

"मामा, चालू मशीनची वायर ओढली तुम्ही! एक हाक तरी मारायची मला."

"चालू हत्याराची पूजा करतेत व्हय? ड्रिल बंद केली, ग्राइंडर बंद केलं. ह्यालाच काय सोनं लागलंय?"

"अन् मोबाइलला? त्यालाबी कुंकू लावलंय की. सकाळपासून चार फोन घेतले त्याच्यावरून."

बसवंतअप्पांचा हात नकळत खिशावर गेला. पलीकडं फुलांच्या माळा ओवत बसलेल्या त्यांच्या बायकोनं, मल्लम्मानं, मान खाली घातली. हसू लपवायला बरं पडतं.

औशात बस स्टँडच्या मागं अप्पांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, अन् दुकानाच्या मागं घर. खंडेनवमीला शटर अर्धं खाली येतं. पान्हे, पकडी, ड्रिल, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलं जातं, झेंडू वाहतात, विभूतीची तीन बोटं ओढतात. ह्या वर्षी अप्पांनी पहिल्यांदाच सुनेचा कॉम्प्युटरही हत्यारांत धरला होता. मायेनंच धरला होता. ती अंघोळीला गेली, तेवढ्यात त्यांनी वायर काढली, सीपीयूचा डबा पाटावर आणला आणि पडद्यावर विभूती ओढली.

आत मात्र तेव्हा नव्या सॉफ्टवेअरची पॅकेजं बसत होती. अर्धी बसलेली, अर्धी वाटेतच.

अंबिका मूळची मुखेडची. नांदेडात बीसीए झाली, लग्न करून औशाला आली आणि आठ वर्षं घरातच राहिली. चार कंपन्यांनी तिला एकच प्रश्न विचारला होता, "मधल्या वर्षांत काय केलं?" पुण्याची पाचवी कंपनी मात्र म्हणाली, ते राहू द्या, आमचा प्रोग्राम तुमच्या मशीनवर उभा करा, त्यातली चूक शोधा, दुरुस्त करून आज सहापर्यंत पाठवा. मशीन जुनं, बंद पडलेल्या सायबर कॅफेतलं. विंडोज त्याच्यावर रांगायचं, म्हणून तिनं त्याऐवजी हलकं लिनक्स टाकलं होतं. आता साडेअकरा झाले होते.

"मामा, मोटार अर्धी भरून झाली अन् मधीच कुणी तार तोडली, तर तुम्ही काय कराल?"

"त्याची आई-बहीण काढीन."

"मी तेवढं तरी केलं न्हाई."

तिनं पाटावरचा डबा दोन्ही हातांनी उचलला, टेबलावर ठेवला आणि प्लग लावला. अप्पा "अगं, अगं" करीपर्यंत पंखा फिरायला लागला होता. पडदा काळा. कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांच्या दोन ओळी. बाकी काही नाही.

"बघ! देवाला चाललं न्हाई."

"देवाला न्हाई मामा, डेटाबेसला चाललं न्हाई."

अप्पा पुढं सरकले. आवाज एकदम खाली आला. "माझे फेरे हायत ना आत?"

चाळीस वर्षं कोणत्या मोटारीला किती नंबरची तार, किती फेरे, हे अप्पा वहीत लिहायचे. ती सगळी वही अंबिकानं स्वतः प्रोग्राम लिहून ह्या मशीनमध्ये घातली होती.

"असतेल. चालू झाल्याबिगर कसं सांगू?"

अप्पा स्टुलावर बसले. सीमोल्लंघन होईस्तोर कुणी शिवायचं नाही, हे परत म्हणाले नाहीत.

तिनं मशीन पुन्हा सुरू करून दुरुस्तीच्या रिकव्हरी मोडमध्ये नेलं. आधी डिस्कवर लिहायची परवानगी घेतली, मग अर्धवट पॅकेजं पुरी करायला सांगितलं. ओळी धावायला लागल्या. विभूतीच्या पट्ट्यांमागची अक्षरं ती मान तिरकी करून वाचत होती. अप्पांचं फडकं पुढं आलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पुसली तर पुन्हा माझ्यावरच येईल." दोनदा चूक आली. दोनदा तिनं ती चूक मोबाइलवर शोधली, तिचा उपाय वाचला आणि इकडं उतरवला. दीड वाजता डेस्कटॉप उगवला. अप्पांचे फेरे जागच्या जागी होते.

"झालं की मग. कर बंद," अप्पा म्हणाले.

"तुमचं झालं. माझं आता कुठं सुरू व्हायलंय."

मल्लम्मा ताट घेऊन आली आणि मागंच थांबली. "काय गं, बोटं चालायलीत, पण काहीच उमटंना."

"पासवर्ड हाय आत्या. दिसत नसतोय."

"मग त्याला कसं कळतंय?"

"त्याला कळतंय. घरच्यांनाच कळंना."

"मला कशाला टोचतीस? मी काय वायर ओढली?" मल्लम्मानं घास तिच्या तोंडात कोंबला.

पायथन भाषेची जुनी आवृत्ती, तिच्यासाठी वेगळी जागा, मग डेटाबेस, मग कंपनीचा प्रोग्राम. चार वाजता तो उभा राहिला. चूक तारखांच्या हिशेबात होती, पाऊण तासात सापडली, मग ती दुरुस्त केली. सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास झाल्या. पाच चाळीसला तिनं काम पाठवलं आणि हात मांडीवर ठेवले.

सव्वासहाला कंपनीचा फोन आला. ती उभी राहूनच बोलली, "हो. सोमवारी दहा वाजता. हो, ह्याच मशीनवर. रोज बसेन."

अप्पा दाराजवळ उभे होते. आज हरलेल्या माणसाला कुठंतरी जिंकायचंच असतं.

"सोमवारी दुकानात गर्दी असती. अन् रोज दहाला बसणार म्हणं! कुणाला इचारून हो म्हणलीस?"

अंबिकानं मशीन बंद केलं नाही. पदर खोचला, चपला घातल्या, पाटावरच्या हत्यारांना वळसा घातला आणि "कुणाला न्हाई इचारलं मामा, माझं सीमोल्लंघन आजच," म्हणत अर्ध्या शटरखालून वाकून रस्त्यावर गेली.