डोकं, पोट, पाय आणि शेपूट

रविवारी जंगलातून परत आलं की आठवडाभर पायमोज्यांतून कुसळं निघत राहतात. आता संपली म्हणावं, तर बुधवारी दुकानात उभं असताना घोट्याला एक टोचतंच! आमच्या चौघांचे किस्सेही तसेच आहेत. सगळे सांगून झाले असं वाटतं आणि चहाच्या गाड्यावर कुणीतरी म्हणतं, "ती मधमाश्यांची गंमत सांगा की!" गंमत म्हणे! तेव्हा आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगते. आप्पा एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, आमचे लीडर. बिरू मूळचा जतकडचा. घरी पिढ्यानपिढ्या मेंढरं, हा मात्र शिरवळला कंपनीत लागला आणि कँटीनच्या जेवणावर चांगला गोलमटोल झाला. मुबारकभाई वाईतले टेलर, आमच्यातला सगळ्यात शांत माणूस. आणि मी. माझं वाईतच मेडिकल स्टोअर आहे, त्यामुळे औषधांची पिशवी कायम माझ्या गळ्यात.

आमचं वेड एकच. सातारच्या अंगाला कोयनेच्या बॅकवॉटरपासून सांगलीच्या अंगाला वारणेच्या खोऱ्यापर्यंत डोंगराच्या धारेवरून एक जुनी पायवाट जाते. वरची वस्ती उठून खाली गेली, वाट तुडवणारे पाय गेले आणि कारवीच्या झुडपांनी ती वाट गिळली. माणसाच्या डोक्यावर जाणारी कारवी! आम्हाला सुट्टी फक्त रविवारी, म्हणून ती वाट आम्ही सेक्शन पाडून, तुकड्यातुकड्यानं चालायची ठरवली. हौसेला मोल नसतं, पण गुडघ्यांना असतं, हे नंतर कळलं.

*

पहिल्याच तुकड्यात बिरू हरवला.

कारवीत शिरलो तेव्हा चौघं होतो, एका मोकळ्या खडकावर बाहेर पडलो तेव्हा तिघं. हाका मारल्या, शिट्ट्या मारल्या. आतून काही हलेना. दरी अगदी डाव्या हाताला होती. आप्पांचा चेहरा उतरला. मुबारकभाई मनात काहीतरी पुटपुटायला लागले. आम्ही परत आत घुसलो, काठीनं कारवी बाजूला सारत, पायाखाली जमीन आहे की नाही ते चाचपत.

बिरू सापडला हाताच्या अंतरावर! बुटाची लेस बांधत निवांत बसला होता.

"आरं, वरडत हुतो की आमी! ऐकू येत न्हाई व्हय?" आप्पा कडाडले.

"येत हुतं की," बिरू म्हणाला. "पर मला वाटलं, माझी टिंगल चाललीया."

आप्पांनी तिथंच कायदा केला. कारवीत शिरलं की थोड्या थोड्या वेळानं पुढून मागं हजेरी. पुढचे आप्पा म्हणजे डोकं. दुसरा बिरू, तो पोट, ह्यावर चर्चाच झाली नाही. तिसरी मी, पाय. आणि सगळ्यांत मागं मुबारकभाई.

"डोकं हाय!"

"पोट हाय!"

"पाय हाय!"

आणि मागून बारीक, पण स्पष्ट आवाजात, "शेपूट हाय!"

शेपटाचा आवाज आला की पुढं पाऊल टाकायचं. तो आला नाही, तर सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. आमचं अख्खं धाडस त्या एका आवाजावर उभं होतं.

*

दुसरा कायदा चिंधीचा. तुकडा जिथं संपेल तिथल्या झाडाला मुबारकभाई दुकानातल्या कातरणाची रंगीत चिंधी बांधायचे. पुढच्या वेळी प्रत्येकानं त्या चिंधीला हात लावायचा आणि मगच चालायला लागायचं. मधलं एक पाऊलही सुटता कामा नये!

एकदा चांगली दमछाक करणारी चढण चढून वर आलो. पाणी प्यायलो. मुबारकभाई सहज म्हणाले, "बिरूनं काय चिंधीला हात लावला न्हाई बगा."

बिरूनं त्यांच्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही.

"चला मागं," आप्पा म्हणाले.

"आवं आप्पा, मी एकटा जाऊन येतो की!"

"एकाचं ऱ्हायलं म्हंजी समद्यांचं ऱ्हायलं."

"आवं, यष्टी थांब्याच्या हातभर म्होरं थांबली, तर काय पाशिंजर माघारी जाऊन परत चढतो व्हय?"

आप्पांनी टोपी नीट केली. "माझी गाडी थांब्यावरच थांबायची."

अख्खी चढण उतरलो. बिरूनं चिंधीला हात लावला. नुसता लावला नाही, दोन्ही हात जोडून नमस्कार केला! आणि चौघं ती चढण पुन्हा चढलो. माझ्या पायात गोळे आले आणि मी आप्पांशी दुपारपर्यंत अबोला धरला.

*

आता ती "गंमत".

कड्याला आग्या मोहोळं लटकत होती, चार-पाच तरी असतील. खालून वाट. आप्पांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आम्ही मांजराच्या पावलानं निघालो. हजेरी बंद. सगळं ठीक होतं, फक्त बिरूनं सकाळी अंगावर बॉडी स्प्रे मारला होता. भरपूर! जंगलात कुणासाठी मारला, हे त्यानं आजवर सांगितलेलं नाही.

आधी एक माशी आली. मग दहा. मग वरून मोटर सुरू झाल्यासारखा आवाज आला.

"झोपा!" आप्पा ओरडले.

मुबारकभाई शर्टांचे उरलेले तुकडे जोडून शिवलेली एक भली मोठी चादर जेवायला बसायला म्हणून आणायचे. आम्ही तिची भरपूर चेष्टा करायचो. त्या चादरीखाली आम्ही चौघं पालथे पडलो, कडा अंगाखाली दाबून. वर हजारो माश्या. कापडावर गारांसारख्या आपटत होत्या. आप्पांचा कान टम्म सुजला होता, पण आवाज नाही. मी डोळे मिटून घेतले. माझा धाकटा तेव्हा दहावीला होता, मला फक्त तोच दिसत होता.

आणि दिवसभर नसलेली रेंज तेव्हाच आली! मुबारकभाईंचा फोन खणाणला. तो बंद करायच्या नादात त्यांचं बोट भलतीकडे पडलं आणि त्यांच्या बायकोचा, शमीमभाभींचा आवाज चादरीखाली घुमला, "कुठं आहात तुम्ही? येताना दही आणा."

मुबारकभाई अगदी हळू म्हणाले, "नंतर बोलतो. लय गर्दी हाय इथं!"

*

बिरूच्या मोबाईलमधल्या नकाशाचा किस्सा छोटा आहे. एकदा धुकं होतं, वाट सापडेना. बिरू फोन बघत बघत पुढं. "आता डावीकडं... आता सरळ... पोचलो! चिंधीचं झाड हितंच हाय!"

झाड कुठंच नव्हतं. बिरूनं अजून एक पाऊल टाकलं आणि गवतासकट पाय खाली गेला. आप्पांनी त्याच्या सॅकचा पट्टा धरला, मी आप्पांचा सदरा धरला, मुबारकभाईंनी मला धरलं. ओढून वर काढलं. धुकं जरासं फाटलं. कड्याच्या पार तळाशी, आमच्या नेमकं खाली, झाडाला लाल चिंधी फडफडत होती.

आप्पांनी वाकून बघितलं. "फोन खरं बोलतोय गड्या. उडी मारली असती तर पोचलाच हुतास."

*

चौथ्या तुकड्याचा किस्सा आम्ही कुणाला सांगत नाही. त्यात हसण्यासारखं काही नाही.

त्या आठवड्यात मुबारकभाईंच्या छातीत कळ आली. अँजिओप्लास्टी झाली. आम्ही बेत रद्द करणार होतो, पण ते कॉटवरूनच म्हणाले, "माझ्यापायी थांबू नगा. जावा तुमी." आम्ही तिघं गेलो. जाताना चिंधी त्यांनी उशीखालून काढून दिली. पिवळी होती.

कारवीत शिरलो. आप्पा म्हणाले, "डोकं हाय." बिरू म्हणाला, "पोट हाय." मी म्हणाले, "पाय हाय."

मग काही नाही. कायद्यानं आम्ही थांबलो. मागं पानं वाजत होती, वारा असेल. तिघांपैकी कुणाचंही पाऊल उचलेना. शेवटी आप्पा नाक शिंकरून म्हणाले, "चला." त्या दिवशी पुन्हा हजेरी झाली नाही.

पुढच्या वर्षी भाई बरे होऊन आले आणि राहिलेले सगळे तुकडे आमच्याबरोबर चालले, अगदी वारणेच्या खोऱ्यात उतरेपर्यंत. वाट संपली! बिरू साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला होता. त्यानं दोरा सोडायला हात घातला, तर आप्पांनी तो बॉक्स काढून घेतला.

"भाईंचा चौथा तुकडा ऱ्हायलाय."

"ऱ्हाऊ द्या आप्पा," मुबारकभाई म्हणाले. "तुमचं झालं, त्यात माझं आलं."

"एकाचं ऱ्हायलं म्हंजी समद्यांचं ऱ्हायलं."

 परतीच्या गाडीत भाई खिडकीकडं तोंड करून बसले होते आणि त्यांना तो तुकडा किती हवा आहे, हे मला न सांगताच कळलं.

*

डॉक्टर म्हणाले, सावकाश चाला. शमीमभाभी म्हणाल्या, "ताई, तुम्ही आहात म्हणून सोडते." जिभेखाली ठेवायच्या गोळ्या मी पिशवीत न ठेवता मुठीतच धरल्या. आप्पांच्या सॅकमध्ये पेढ्यांचा नवा बॉक्स.

मुबारकभाई छान चालत होते. अर्ध्याहून जास्त तुकडा झाला. हजेरीत त्यांचा आवाज आला की माझा जीव भांड्यात पडायचा. ते जरा मागं राहत, आम्ही थांबत होतो, एवढंच.

एका वळणाला कारवी करकरली आणि वाटेवर गवा आला. माझ्या आणि मुबारकभाईंच्या बरोबर मध्ये! काळा, धिप्पाड, एकटा. त्यानं फुसकन श्वास सोडला, तो माझ्या हाताला लागला. त्याच्या पाठीपलीकडे मला भाईंची फक्त पांढरी टोपी दिसत होती.

"हलू नगा ताई," आप्पा पाठीमागून कुजबुजले. "आस्तं आस्तं माझ्याकडं सरका."

बिरूनं माझ्या सॅकला धरलं. जनावरं त्याला कळतात. आम्ही वळणाआड सरकलो आणि गवा तिथंच उभा. हजेरी देता येईना. किती वेळ गेला कोण जाणे. मग एकदम धडाड् आवाज आला, कारवी मोडत काहीतरी गेलं आणि शांत झालं.

"डोकं हाय!" आप्पा ओरडले.

"पोट हाय!"

"पाय हाय!"

काही नाही.

मी धावले. काटे, दरी, गवा, काही डोक्यात नव्हतं. भाई उभे होते तिथं कुणी नव्हतं. वाटेच्या कडेला एक कोरडा ओढा खाली उतरत होता आणि त्याच्या तोंडाशी त्यांची काठी पडली होती. माझी मूठ घामानं ओली झाली होती, गोळ्यांचं पाकीट चुरगळलं होतं. मी मोठ्यानं रडायला लागले, लाज न बाळगता. शमीमभाभींना काय सांगू? बिरू ओढ्यात वाकून "भाई! भाई!" करत होता. आप्पांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि फाटक्या आवाजात पुन्हा ओरडले, "डोकं हाय!"

मी आणि बिरू कसेबसे ओरडलो.

आणि खूप खालून, जिकडं आम्हाला जायचं होतं त्या बाजूनं आवाज आला, "शेपूट हाय!"

वाटेनं पळत सुटलो. तुकडा संपतो त्या झाडाखाली मुबारकभाई बसले होते. शर्ट फाटलेला, कोपर सोललेलं, टोपी शाबूत. गवा त्यांच्याकडे वळला म्हणून ते ओढ्यात उतरले, बसून घसरत खाली आले, तर ओढा थेट ह्याच झाडाशी निघाला होता. डोक्यावरच्या फांदीला उन्हापावसानं विटलेली पिवळी चिंधी.

मी नाडी बघितली, घाम पुसला, त्यांना चार शब्द सुनावले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग झाडाला धरून उठले.

"चला आप्पा, माघारी."

"कुठं?" मी किंचाळलेच.

"मी ओढ्यातनं आलो ताई. वरनं हितवरची वाट माझी सुटली." त्यांचे ओठ अजून पांढरे होते. "कायदा म्हंजी कायदा. ऱ्हायलं ते ऱ्हायलं."

"आप्पा, ह्यांना एक पाऊल चढू देणार नाही मी!"

बिरू आप्पांकडे बघायला लागला. मीही. आप्पा कुणाकडेच बघत नव्हते. ते ओढा बघत होते, खालून वर, बराच वेळ. काटे, दगड, निवडुंग, मधेच एक सरळसोट उतरण.

"भाई, तुमी ह्यातनंच आलासा न्हवं?"

"व्हय."

"चिंधीला हात लावलासा?"

"लावला की."

"मग वाट हीच." आप्पांनी सॅकमधून पेढ्यांचा बॉक्स काढला आणि मुबारकभाईंच्या मांडीवर ठेवला. "आमीच चुकलो. भाईंचं झालं. बिरू, ताई, उठा. आपलं ऱ्हायलंय."

"आवं आप्पा!" बिरू रडकुंडीला आला.

"उठ!"

आम्ही तिघं ओढ्यात घुसलो. पहिल्याच दगडावर माझा गुडघा फुटला, बिरूच्या पँटीला काट्यानं धरलं. झाड दिसेनासं झालं तसे आप्पा थांबले.

"डोकं हाय!"

"पोट हाय," बिरू कण्हला.

"पाय हाय!"

आणि खालून, पेढ्यानं भरलेल्या तोंडानं, आवाज आला, "शेपूट हाय!"